कोणी नसताना दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो: आरसीडब्ल्यूएल-०५१६ रडार सेन्सरचे खोटे ट्रिगर

जिन्यात, पॅसेजमध्ये किंवा पार्किंगमध्ये दिवा आपोआप लागावा म्हणून आरसीडब्ल्यूएल-०५१६ बसवणाऱ्यांची सर्वांत जुनी तक्रार हीच आहे. ब्रेडबोर्डवर सगळे सुरळीत चालते. डब्यात घालून भिंतीवर चढवले की मध्यरात्री, घर झोपलेले असताना, दिवा लागतो, थोड्या वेळाने विझतो आणि विझल्या विझल्या पुन्हा लागतो. मग सेन्सर बदलला जातो. नव्याचेही तेच. शेवटी ‘हे मॉड्यूलच टाकाऊ आहे’ असा निकाल लागतो, आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. या सेन्सरचे खोटे ट्रिगर जितके हवेतून येतात, त्याहून जास्त तारेतून येतात: वीजपुरवठ्यातून, ग्राउंडमधून, शेजारी बसवलेल्या वायफाय बोर्डातून. म्हणून रेंज कमी करणे, दिशा बदलणे, समोर फॉइल लावणे यांच्या मागे आधी लागू नका. आधी सेन्सर सगळ्यांपासून वेगळा काढून एकटा तपासा.

बोर्डावर काय चालते

बोर्डावरचा एकच ट्रान्झिस्टर साधारण ३.१८ गिगाहर्ट्झवर लहर सोडतो आणि परत आलेली लहर तोच ऐकतो. नागमोडी तांब्याचा ट्रॅक हा ॲन्टेनाचा भाग आहे. ३.१८ गिगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे ९.४ सेंटिमीटर येते. समोरची वस्तू सेकंदाला एक मीटर वेगाने जवळ आली किंवा दूर गेली, तर पाठवलेल्या आणि परतलेल्या लहरीत सुमारे २१ हर्ट्झचा फरक पडतो. या फरकालाच डॉपलर म्हणतात. माणूस रेंगाळत, सेकंदाला अर्धा मीटर चालला तर १० हर्ट्झ. म्हणजे आपल्याला हवा तो संकेत काही हर्ट्झपासून काही दशक हर्ट्झपर्यंतचा, आणि अतिशय क्षीण असतो. आरसीडब्ल्यूएल-९१९६ ही चिप तो प्रचंड वाढवते आणि ठरावीक पातळी ओलांडली की आउट पिन हाय करते. शरीराची उष्णता टिपणाऱ्या पीआयआर सेन्सरमध्ये दिसणाऱ्या बीआयएसएस-०००१ या चिपशी तिचे काम बरेच जुळते.

सगळी गोम इथेच आहे. चिपला फक्त काही हर्ट्झची हालचाल दिसते. ती ॲन्टेनातून आली की पुरवठ्याच्या व्होल्टेजमध्ये पडलेल्या खळग्यातून आली, हे ओळखण्याचे कोणतेही साधन तिच्याकडे नाही. ट्रान्झिस्टरचा पुरवठा किंचित हलला तरी त्याची वारंवारता सरकते, आणि चिपच्या लेखी कोणीतरी चालत आलेले असते.

जोडणीचे आकडे एकदा नीट पाहून घ्या, कारण अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात. व्हीआयएन पिनला ४ ते २८ व्होल्ट लागतात. सेन्सर स्वतः ३ मिलिअँपिअरच्या आत भागवतो. ‘३व्ही३’ असे छापलेली पिन आउटपुट आहे. बोर्डावरच्या रेग्युलेटरचे ३.३ व्होल्ट तिथून बाहेर येतात, जास्तीत जास्त १०० मिलिअँपिअर. त्या पिनवर बाहेरून ३.३ व्होल्ट देऊ नका, आणि तिथून ईएसपी हा वायफाय मायक्रोकंट्रोलर बोर्डही चालवू नका. ईएसपीचे ३.३ व्होल्ट व्हीआयएनला दिले तर सेन्सर चालल्यासारखा भासतो, पण किमान व्होल्टेजच्या खाली असल्याने रेग्युलेटरला काही सांभाळताच येत नाही. अशा जोडणीतून येणारे ट्रिगर शोधत बसण्यात अर्थ नाही. आधी ५ व्होल्ट द्या. आउट पिन ट्रिगर झाल्यावर ३.३ व्होल्टवर जाते आणि साधारण २ सेकंद तशीच राहते. दरम्यान पुन्हा हालचाल दिसली तर वेळ पुढे वाढतो. हे ‘साधारण २’ प्रत्येक बोर्डाला थोडे वेगळे असते, म्हणून आपल्या बोर्डाचा आकडा मोजून लिहून ठेवा. तो पुढे लागणार आहे.

पहिली चाचणी: बॅटरीवर, एकटा

१. सेन्सरच्या सगळ्या तारा सोडवा. व्हीआयएन आणि ग्राउंडला ९ व्होल्टची बॅटरी किंवा चार नवे पेन्सिल सेल जोडा. पॉवर बँक नको: एवढा कमी करंट दिसला की बऱ्याच पॉवर बँका काही सेकंदांत स्वतःच बंद होतात, आणि चालू असल्या तरी आत स्विचिंग कन्व्हर्टर असतोच.

२. आउट आणि ग्राउंडमध्ये लाल एलईडी, मालिकेत १ किलोओहमचा रेझिस्टर. दुसरे काहीही नाही.

३. सेन्सर जिथे बसवायचा आहे त्याच जागी ठेवा. भाग असलेली बाजू समोर, म्हणजे जिथली हालचाल टिपायची तिकडे. तारा मागच्या बाजूने न्या. ॲन्टेनापासून १ सेंटिमीटरच्या आत धातू नको. स्क्रू, बॅटरीचे कवच आणि जंपरच्या पिनाही त्यात आल्या.

४. मोबाइल विमान मोडवर टाका, दोन-तीन मीटरवर टेकवून ठेवा, एलईडीचा व्हिडिओ सुरू करा आणि खोलीबाहेर जा. दाराआड उभे राहू नका. लाकडी दारातून आणि साध्या पार्टिशनमधून ही लहर सहज जाते, त्यामुळे दारामागची तुमचीच चुळबुळ नोंदली जाईल. अर्धा तास पुरे.

सुरुवातीची काही सेकंदे सोडून द्या. वीज दिल्यावर आतले कपॅसिटर भरेपर्यंत आउट हाय होतेच. तो दोष नाही.

आता व्हिडिओ पाहा. एलईडी शांत राहिला असेल तर सेन्सर चांगला आहे, जागाही चांगली आहे, आणि दोष तुमच्या सर्किटात आहे. त्यासाठी पुढचे दोन भाग वाचा. एलईडी अधूनमधून लागत असेल तर बॅटरी तशीच ठेवून सेन्सर दुसऱ्या खोलीत न्या. तिथे शांत राहिला तर पहिल्या जागी खरोखर काहीतरी हलते आहे. तिथेही लागत राहिला तरच बोर्डावर संशय घ्या: ॲन्टेनावर साचलेला फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, हेडरचे टाके पुन्हा गरम करा, आणि तरीही तेच असेल तर बोर्ड बदला. ही चाचणी टाळून पुढे जाण्याचा मोह होतो, पण ती केल्याशिवाय बदललेला प्रत्येक कपॅसिटर म्हणजे नुसता अंदाज असतो.

दिवा विझताच पुन्हा लागतो

हा प्रकार ओळखायला घड्याळ पुरते. समजा तुमच्या प्रोग्राममध्ये दिवा ६० सेकंद चालू ठेवायचा आहे. रात्री कोणी नसताना तो बरोबर ६० सेकंद जळतो, क्षणभर विझतो, पुन्हा ६० सेकंद जळतो, आणि हे चक्र तासन्‌तास चालते. पाळी इतकी नियमित असेल तर मांजर, उंदीर, पडदा सगळे निर्दोष आहेत. दिवा बंद होण्याची क्रियाच सेन्सरला ट्रिगर करते आहे.

दिवा लागतानाही धक्का बसतो, पण तेव्हा आउट आधीच हाय असते, म्हणून कळत नाही. बंद होताना मात्र सेन्सर जागा आणि मोकळा असतो. रिलेची कॉइल सुटते, ५ व्होल्टच्या पुरवठ्यावरचा ७० मिलिअँपिअरचा भार एकदम उतरतो, व्होल्टेज क्षणभर वर उडते. दुसरीकडे रिलेच्या संपर्कांवर ठिणगी पडते. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटला किंवा एक्झॉस्ट पंख्याला ती अधिक मोठी असते, कारण भार इंडक्टिव्ह आहे. बारा व्होल्टच्या एलईडी पट्टीला रिले नसला तरी सुटका नाही: पट्टी २ अँपिअर घेत असेल आणि सेन्सरचे ग्राउंड त्याच बारीक तारेवर टेकले असेल, तर तारेचा ०.१ ओहम रोध म्हणजे ०.२ व्होल्टची उडी. ज्या सेन्सरचा खरा संकेत याच्या कितीतरी पट लहान आहे, त्याला ती भूकंपासारखी वाटते.

दुरुस्ती या क्रमाने करा.

पहिले ग्राउंड. सेन्सरच्या दोन्ही तारा थेट पॉवर सप्लायच्या टोकांवर न्या. पट्टीचे किंवा रिलेचे ग्राउंड वेगळ्या तारेने त्याच टोकावर. मधेच कुठेतरी जोड देऊन वाचवलेली वीतभर तार महागात पडते. फक्त एवढ्या बदलाने चक्र थांबल्याची उदाहरणे भरपूर सापडतील.

दुसरे, सेन्सरच्या तोंडाशी फिल्टर. ५ व्होल्टचा पुरवठा असेल तर व्हीआयएनच्या वाटेत १०० ओहम आणि सेन्सरच्या बाजूला व्हीआयएन ते ग्राउंड १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक, त्याला समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक. ३ मिलिअँपिअरला १०० ओहमवर ०.३ व्होल्टच पडतात, म्हणजे ४.७ व्होल्ट उरतात, चालते. हा फिल्टर १.६ हर्ट्झच्या वरचे चढउतार दाबायला लागतो. पुरवठा १२ व्होल्टचा असेल तर आणखी चांगले: ४७० ओहम आणि ४७० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट. इथे १.४ व्होल्ट गेले तरी फिकीर नाही आणि दाब सुरू होतो ०.७ हर्ट्झपासून. ४७० ओहम ५ व्होल्टवर मात्र वापरू नका, सेन्सरला ३.६ व्होल्टच मिळतील. १२ व्होल्ट हाताशी असताना सेन्सरला ५ व्होल्टच्या गर्दीत बसवण्याचे काही कारण नाही. थेट १२ वर, फिल्टरमधून द्या.

तिसरे, रिले. कॉइलला समांतर १एन४००७ डायोड आहे ना, पाहा. तयार रिले बोर्डावर असतो, सुटा रिले वापरला असेल तर हमखास विसरला जातो. आउट पिनने रिले थेट ओढू नका. एओ-३४०० सारखा कमी गेट-व्होल्टेजचा मॉसफेट (स्विचसारखा चालणारा ट्रान्झिस्टर) लावा, गेट ते ग्राउंड १० किलोओहम.

चौथे, २३० व्होल्टची बाजू. एमसीबी पाडून, टेस्टरने खात्री करूनच इथे हात घाला. ठिणगी शमवायला १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड, २७५ व्होल्टचा एक्स-२ वर्गाचा कपॅसिटर, दोन्ही मालिकेत. साधा पॉलिएस्टर कपॅसिटर इथे चालत नाही. ही जोडी पुष्कळदा रिलेच्या संपर्कांवर लावली जाते, आणि मग नवीनच तक्रार येते: दिवा बंद असताना एलईडी बल्ब मंद उजळत राहतो. ०.१ मायक्रोफॅरडमधून ५० हर्ट्झला सुमारे ७ मिलिअँपिअर गळतात, आणि छोट्या एलईडी बल्बला तेवढे पुरतात. म्हणून जोडी संपर्कांवर न लावता भारावर, म्हणजे दिव्याच्या दोन टोकांत लावा.

पाचवे, प्रोग्राममध्ये बहिरेपणाची खिडकी. दिवा बंद केल्यावर ४ सेकंद आउट पिनकडे पाहूच नका. चारच का? धक्क्याने झालेला ट्रिगर साधारण २ सेकंद टिकतो. खिडकी त्याहून निश्चित मोठी हवी. तुमच्या बोर्डाची मोजलेली वेळ ३ सेकंद असेल तर ५ ठेवा. खिडकी संपल्यावर पिनची पातळी वाचा, चढती कड (पिन लोवरून हाय होण्याचा क्षण) शोधू नका. नाहीतर त्याच वेळी खरोखर आत आलेला माणूस अंधारात राहील, कारण त्याची चढती कड खिडकीतच निघून गेलेली असते. एवढे केले की चक्र नक्की तुटते, पण म्हणून वरची चार कामे सोडू नका. खिडकी फक्त आपल्याच दिव्याचा धक्का झाकते. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाल्याचा किंवा शेजारच्या पंपाचा धक्का ती कशी झाकणार?

वायफाय बोर्ड शेजारी असताना

सेन्सर बॅटरीवर शांत, आर्डुइनो उनोवरही शांत, पण ईएसपी-८२६६ किंवा ईएसपी-३२ शी जोडला की दर थोड्या वेळाने ट्रिगर. कारणे दोन, आणि ती वेगळी करणे सोपे आहे.

वायफाय प्रक्षेपणाच्या क्षणी ईएसपी-३२ चा करंट २४० मिलिअँपिअरपर्यंत जातो, पुढच्या क्षणी खाली येतो. ५ व्होल्टच्या तारेवर हे खळगे उमटतात. त्यांची लय दुर्दैवाने नेमकी नको तिथे पडते. वायफायचा राउटर साधारणपणे दर १०२.४ मिलिसेकंदांनी आपली हजेरी हवेत सोडतो, आणि झोपाळू मोडमधला ईएसपी त्या लयीला धरून जागा होतो. १०२.४ मिलिसेकंद म्हणजे जवळपास ९.८ हर्ट्झ: संथ चालणाऱ्या माणसाचा डॉपलर. बोर्ड स्वतः ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे स्वतःचे नेटवर्क पसरवत चालत असेल तर तो याच लयीत स्वतः प्रक्षेपण करतो, तेही सेन्सरपासून दोन सेंटिमीटरवर. हे दुसरे कारण: लहर तारेतून न येता थेट ट्रान्झिस्टरमध्ये शिरते.

चाचणी अशी: प्रोग्राममध्ये वायफाय पूर्ण बंद करा. ट्रिगर थांबले तर वायफाय पुन्हा चालू करा आणि सेन्सरला बॅटरीवर न्या, ग्राउंड मात्र सामाईक ठेवा. आता थांबले तर दोष तारेतला, वरचा फिल्टर पुरेल. तरीही चालूच असतील तर दोष हवेतला, आणि त्यावर कपॅसिटरचा उपयोग नाही, अंतर लागते. सेन्सर ३० सेंटिमीटर किंवा जास्त लांबीच्या तीनपदरी तारेने ईएसपीच्या ॲन्टेनापासून दूर न्या, शक्यतो ईएसपीच्या ॲन्टेनाची दिशा उलटी ठेवा. तीन तारा एकमेकींत पिळून घ्या.

सोबत दोन गोष्टी प्रोग्राममध्ये बदला. ईएसपी-८२६६ पूर्वी कधी ॲक्सेस पॉइंट म्हणून वापरला असेल तर तो मोड फ्लॅशमध्ये साठलेला असू शकतो आणि तुमच्या नकळत चालू राहतो. मोबाइलवर वायफायची यादी उघडा. अनोळखी ईएसपी नावाचे नेटवर्क दिसले तर तेच. मोड स्पष्टपणे फक्त स्टेशन असा ठेवा. आणि प्रक्षेपण शक्ती २०.५ डीबीएमवरून १० च्या आसपास आणा; राउटर त्याच घरात असेल तर जोडणीला फारसा फरक पडत नाही.

जाता जाता पिनांविषयी. आउट पिन निवांत असताना लो असते. ती ईएसपी-८२६६ च्या जीपीआयओ-० किंवा जीपीआयओ-२ वर जोडली तर बोर्ड सुरूच होत नाही, आणि ‘सेन्सर लावला की ईएसपी मरतो’ अशी तक्रार येते. जीपीआयओ ४, ५, १२ किंवा १४ घ्या. नोडएमसीयूवर त्या अनुक्रमे डी२, डी१, डी६, डी५ आहेत.

खरोखर काहीतरी हलत असते तेव्हा

बॅटरीवरच्या चाचणीतही ट्रिगर आले तर पहिला संशयित छताला लटकलेला असतो. परदेशी लेखांत सीलिंग फॅनचा उल्लेख क्वचितच सापडतो. आपल्याकडे तो प्रत्येक खोलीत आहे. १२०० मिलिमीटरचा पंखा मिनिटाला ३५० फेरे घेतो असे धरा. पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला २२ मीटर, त्याचा डॉपलर साडेचारशे हर्ट्झच्या पुढे. तो चिपच्या कक्षेबाहेर जातो. पण तीन पाती सेन्सरसमोरून सेकंदाला साडेसतरा वेळा जातात, आणि परतणारी लहर त्या लयीत कमी-जास्त होते. साडेसतरा हर्ट्झ म्हणजे कक्षेच्या मधोमध. वेग कमी केला तरी आकडा खाली सरकतो, सुटका होत नाही. यावर फिल्टर नाही, कपॅसिटर नाही. पंखा आणि सेन्सर एका मोकळ्या जागेत असतील तर आरसीडब्ल्यूएल-०५१६ ही निवडच चुकली.

पत्र्याचे छत वाऱ्याने थरथरते, आणि पत्रा हा या लहरीसाठी उत्तम आरसा आहे. पार्किंगच्या शेडमध्ये पावसाळ्यात येणाऱ्या तक्रारींचे मूळ पुष्कळदा हेच असते. जोडीला पन्हळीतून धो धो पडणारे पाणी. पीव्हीसी पाइपातून वाहणारे पाणीही दिसते, म्हणून टाकीचा पाइप ज्या भिंतीतून उतरतो तिथे सेन्सर नको. विटांची पातळ भिंत, प्लायवूड, काच यांतून लहर पार होते आणि पलीकडच्या घरातली माणसे मोजली जातात. हा सेन्सर मागच्या बाजूलाही बऱ्यापैकी पाहतो, हे विसरू नका.

रेंज कमी करायला मागच्या बाजूला आर-जीएन असे छापलेली जागा आहे. तिथे १ मेगाओहम लावला की ७ मीटरचे साधारण ५ होतात. किंमत कमी केली की रेंज आणखी घटते. एकेक पायरी उतरा आणि प्रत्येक वेळी चालून पाहा, कारण बोर्डाबोर्डात फरक असतो. मागची बाजू झाकायला दोन-अडीच सेंटिमीटर मागे ॲल्युमिनियमचा पत्रा लावता येतो, पण तो घट्ट बसलेला हवा. सैल पत्रा स्वतःच थरथरून ट्रिगर देतो.

दोन सेन्सर जवळजवळ लावले तर ते एकमेकांच्या वारंवारतेत ढवळाढवळ करतात. किमान १ मीटर अंतर ठेवा, समोरासमोर तोंड नको.

एलडीआर लावल्यावरची वेगळी मिचमिच

कोणी नसताना नव्हे, तर माणूस समोर वावरत असताना दिवा दर दोन सेकंदांनी विझत-लागत असेल, तर कारण वेगळे आहे. बोर्डावरच्या सीडीएस या जागी लावलेल्या एलडीआरवर (उजेड पडला की रोध कमी होणारा रेझिस्टर) त्याच दिव्याचा उजेड पडतो आहे. उजेड पडला की चिप नवे ट्रिगर नाकारते, वेळ संपल्यावर दिवा विझतो, अंधार होतो, पुन्हा ट्रिगर. एलडीआरला काळी नळी चढवून तोंड खिडकीकडे करा.

एलडीआरची दुसरी तक्रार: पुरेसा अंधार पडूनही सेन्सर मुका. सीडीएस पिनवर ०.७ व्होल्टपेक्षा कमी असेल तर ट्रिगर बंद असतात, आणि बोर्डावरचा वर ओढणारा रेझिस्टर १ मेगाओहमचा आहे. म्हणजे एलडीआर सुमारे २.७ लाख ओहमच्या वर गेल्याशिवाय सेन्सर जागा होत नाही. रस्त्यावरच्या दिव्याचा कवडसा असला तरी तो तिथे पोहोचत नाही. सीडीएस आणि ३व्ही३ यांमध्ये १०० किलोओहम जोडा. उंबरठा २५ किलोओहमच्या आसपास येतो. कोकणातल्या दमट हवेत, टाक्यांवर फ्लक्स राहिला असेल तर एलडीआर नसतानाही गळतीमुळे हीच पिन खाली खेचली जाऊ शकते. फ्लक्स धुऊन काढा, आणि वरचा १०० किलोओहम इथेही कामाला येतो. बोर्डावर वार्निश मारायचे असेल तर ॲन्टेनाचा भाग सोडून मारा.

सी-टीएम या जागेवर ०.२ मायक्रोफॅरड लावला की आउट सुमारे ५० सेकंद, १ मायक्रोफॅरडला सुमारे २५० सेकंद हाय राहते. मायक्रोकंट्रोलर असेल तर हे करू नका. २ सेकंदांच्या पल्समध्ये एक मोलाची माहिती असते: एकुलत्या धक्क्याने आलेला पल्स ठरलेल्या वेळेत संपतो, चालणाऱ्या माणसाचा लांबत जातो. अलार्म किंवा कॅमेऱ्यासाठी ‘मोजलेल्या वेळेपेक्षा अर्धा सेकंद जास्त हाय राहिले तरच खरे’ असा नियम लावा. बहुतेक धक्के तिथेच गळतात. जिन्याच्या दिव्याला हा नियम लावू नका, अडीच सेकंदांत माणूस अंधारात चार पायऱ्या उतरलेला असतो.

दुसरा सेन्सर घ्यायचा असेल तर

एचबी-१०० हाही रडार सेन्सरच आहे. तो ठरावीक दिशेलाच जास्त पाहतो, पण तो नवशिक्यांचा नाही. १०.५२५ गिगाहर्ट्झ, ५ व्होल्ट, सुमारे ३० मिलिअँपिअर, आणि आउटपुट मायक्रोव्होल्टमध्ये. ॲम्प्लिफायर तुम्हीच बांधायचा. ताशी १ किलोमीटरला साडेएकोणीस हर्ट्झ येतात, त्यामुळे ५० हर्ट्झच्या विजेवर चोकची ट्यूबलाइट जी १०० हर्ट्झची लय देते, ती नेमकी ताशी ५ किलोमीटर चालणाऱ्या माणसासारखी दिसते. ॲम्प्लिफायरची वरची मर्यादा ८० हर्ट्झवर बांधा. त्याची आयएफ (आउटपुट) पिन स्थिर विजेने मरते. मल्टिमीटरच्या ओहम रेंजने ती तपासू नका.

पीआयआर आणि रडार दोन्ही लावून, ५ सेकंदांच्या आत दोघांनी होकार दिला तरच दिवा लावणे, हा उपाय स्वस्त आणि चांगला आहे. पंखा पीआयआरला फसवत नाही, ऊन रडारला फसवत नाही. अडचण उन्हाळ्याची: विदर्भात मे महिन्यात भिंतीच शरीराइतक्या तापतात, पीआयआरला माणूस वेगळा दिसत नाही, आणि मग दोघांच्या होकाराची अट कधी पूर्णच होत नाही. तिथे अलार्मसाठी ही अट ठेवा, दिव्यासाठी नको.

पंख्याच्या खोलीत ब्लूटूथ असलेला एलडी-२४१०बी हा रडार सेन्सर घ्या. तो २४ गिगाहर्ट्झवर अंतरही मोजतो आणि समोरची जागा ०.७५ मीटरच्या टप्प्यांत विभागतो. पंखा ज्या टप्प्यात येतो त्याचा उंबरठा मोबाइल ॲपमधून वाढवता येतो, बाकीचे टप्पे संवेदनशील राहतात. तो स्थिर बसलेला माणूसही टिपतो, त्यामुळे हलणाऱ्या पडद्याचा टप्पाही तपासून घ्या. करंट सरासरी ८० मिलिअँपिअर, म्हणजे बॅटरीवरच्या कामाला तो नाही. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत घेताना पिनांमधले अंतर पाहा: मूळ मॉड्यूलच्या पिना ब्रेडबोर्डच्या २.५४ मिलिमीटरपेक्षा जवळ असतात, म्हणून ॲडॉप्टर पट्टीसकट घ्या. त्याचा सीरियल वेग २,५६,००० बॉड आहे. ईएसपी-८२६६ वर सॉफ्टवेअर सीरियलने तो वाचायला जाऊ नका, अक्षरे गळतात. एकदा ॲपने टप्पे जुळवून ठेवा आणि नंतर फक्त आउट पिन वाचा.